भैरोबा फरशीवरून परत फिरला

मार्गशीर्षातला शेवटचा रविवार. सकाळचे साडेदहा. पिंपळओहळ गावात भैरोबाची यात्रा. ओढ्यावरच्या सिमेंटच्या फरशीपाशी, म्हणजे बुटक्या पुलापाशी, देवाचं वाहन थांबलं, कचकन मागं सरकलं, आणि देव कुंभारवाड्यात न जाताच देवळाकडं परत फिरला.

घडलं ते एवढंच, मंडळी! कुणाचं डोकं फुटलं नाही, कुणावर गुन्हा दाखल झाला नाही. पण त्या दिवसापासून त्या गावात एक विस्तव पेटायचा राहिलाय. म्हणून आज तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. सोपा आहे, पोथी उघडायला नको. वाहन कशासाठी असतं?

"बसायला!" — कोण बोललं? खांबाला टेकलेले? शाबास, अर्धे मार्क! बसून करायचं काय? जायचं! आणि जायचं कुठं? जिथं कुणीतरी वाट बघत बसलंय, तिथं! आपल्या देवांची वाहनं आठवा. एवढं मोठं पोट घेऊन गणपती बसला कशावर? उंदरावर! का? तर उंदीर पोचत नाही असं घर नाही! महादेव बैलावर — बैलाला चिखलाचं भय नाही. लक्ष्मी घुबडावर — ते अंधारातसुद्धा वाट काढतं. अहो, यमाचा रेडा "रस्ता खराब आहे" म्हणून कधी माघारी गेलेला ऐकलाय का? हसताय! हसा, हसा. दारात आला की विचारा त्याला!

आणि मला सांगा — गणपतीनं उंदराला कव्हर घातलं, असं कुठल्या पुराणात लिहिलंय?

बोला, भैरोबाच्या नावानं — चांगभलं!

आता ऐका. इंद्रजित रणवरे म्हणून त्या गावचा ठेकेदार. गल्लीतले रस्ते, गटारं, ओढ्यावरच्या फरश्या — तालुकाभर त्याची कामं. माणूस राक्षस नव्हे, आधीच सांगतो. भैरोबाला नारळ फोडल्याशिवाय कामाची कुदळ मारायचा नाही. पण मनात एक सल होता. शेजारच्या गावच्या ठेकेदारानं जर्मनीची गाडी घेतली होती, आणि लग्नात याची गाडी मागं लावून त्याची मांडवापर्यंत सोडली होती. झालं! माणसाला साप चावला तर उतारा असतो. दुसऱ्याची गाडी चावली तर नाही!

गेला मोठ्या शहरातल्या शोरूममध्ये. गाडीचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर तुमच्यातले चौघे उद्या बँकेत बसतील! नाकावर तारा आहे म्हणा, तुम्हाला कळलं. काचेसारखी फरशी, गार हवा, टाय लावलेला एक पोरगा. त्यानं कॉफी दिली आणि घराण्याची कुळकथा सुरू केली.

"सर, ही नुसती गाडी नाही. हा इतिहास आहे!"

आणि खरं सांगू का, तो इतिहास आख्यानात घ्यावा असाच आहे. सव्वाशे वर्षांच्याही मागची गोष्ट. जर्मनीत एका कारागिरानं तीन चाकांची मोटार बनवली. पण लोक विकत घेईनात. घोड्याशिवाय चालतंय म्हणजे भूतच! तो बिचारा खोलीत बसून खटपट करतोय, आणि एके दिवशी पहाटे — तो झोपलेला असताना — त्याच्या बायकोनं दोन पोरं घेतली, मोटार बाहेर काढली आणि निघाली! कुठं? सांगा कुठं! माहेरी! अहो बायांनो, टाळ्या वाजवा की! जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास बाईनं केला, तोही माहेरी जायला, तोही नवऱ्याला न विचारता!

वाटेत तेल संपलं. पेट्रोलपंप कुठला तेव्हा? औषधाच्या दुकानातून डाग काढायचं तेल घेतलं आणि ओतलं. नळी तुंबली — टोपीची पिन काढून मोकळी केली. ब्रेक झिजला — बूट शिवणाऱ्याकडून त्यावर कातडं ठोकून घेतलं. चढ आला, मोटार चढेना — तर "माझा फ्रॉक मळेल" म्हणून बसली का? पोरं उतरली, ढकलली आणि चढवली! आणि संध्याकाळी आईच्या दारात उभी! याला म्हणतात वाहन, मंडळी! अडलं तर खाली उतरायचं, हात काळे करायचे, पण जिथं पोचायचं तिथं पोचायचं!

एवढी सुंदर गोष्ट. त्यातलं इंद्रजितच्या कानात किती शिरलं? "सर, जगातली पहिली!" बस्स, एवढंच! माहेर बाहेर राहिलं, ढकलणं बाहेर राहिलं.

गाडी आली. गावानं ओवाळली, चाकाखाली लिंबू चिरडलं. ठेवायची कुठं? उन्हात रंग जाईल. मग गोठा रिकामा केला! गाय बाहेर चिंचेखाली, गाडी आत. गाईच्या अंगावर फाटकं पोतं, गाडीवर मखमलीचं कव्हर. आणि नंतर इंद्रजितचं काय झालं ते ऐका. आम्ही समजतो माणूस गाडी घेतो. अहो, गाडी माणूस घेते! शेतातनं कांद्याची पिशवी आणली — "डिकीत नको, वास राहतो." आई बसायला निघाली — तिला सगळे आक्का म्हणतात — "आक्का, चपला बाहेर काढ." बायको शेजारी बसून बोलायला लागली — "गप जरा, खालनं काय आवाज येतोय ते ऐकू दे." गतिरोधक आला की नवीन सून उंबरा ओलांडते तशी गाडी तिरकी करायची, एकेक चाक उचलून ठेवायचं. कारण गाडी जमिनीला लागून! ज्या देशात रस्ते आरशासारखे, तिथं जन्मलेली ती. तिचा काय दोष? तिला कुणी सांगितलं होतं, की इकडचे रस्ते तुझाच धनी बांधतो!

आक्का एकदा म्हणाली, "इंदर, लांबच्या वाटंला ही गाडी तुला इचारती म्हणं, दमलास का, कापी घे. मी आठ दिस झालं गुडघा दुखतोय म्हणून सांगती, ते तुला ऐकू यीना!"

"आक्का, ती कंप्युटरवर चालती."

"मग मलाबी बसव एखादा!"

आता यात्रेकडं वळू. पिंपळओहळची रीत अशी. भैरोबाचा चांदीचा मुखवटा पालखीत बसतो, पालखी खांद्यावर सगळ्या गावातून फिरते, आणि शेवटचा मुक्काम ओढ्यापलीकडं — कुंभारवाड्यात. तिथं कुंभारांनी आवा रचून ठेवलेला असतो. आवा म्हणजे त्यांची भट्टी. कच्ची मडकी, मधे शेणी, वर गवत, वरनं चिखलाचा लेप, आणि तोंड तेवढं उघडं. पालखी आव्यापुढं टेकते. गुरव देवाची धुपारती करतो, आणि त्या आरतीतला निखारा कुंभारणीच्या खापरात टाकतो. त्या निखाऱ्यानं आवा पेटतो. त्याच विस्तवावर वर्षाचा धंदा सुरू! देव आल्याशिवाय काडी ओढायची नाही. आणि त्या पहिल्या आव्यात काय भाजतात? संक्रांतीची सुगडं! गावातली प्रत्येक सवाशीण ज्यात हरभरा, ऊस, बोरं भरते, ती सुगडं! म्हणजे देव कुंभारवाड्याला जातो तो कुंभारांवर मेहेरबानी करायला नव्हे. तो गेला तर तुमच्या देव्हाऱ्यात संक्रांत येते!

यात्रेआधी देवळात बैठक बसली. इंद्रजित उभा राहिला. त्याच्या मनात खरंच भक्ती दाटून आली होती — तीच तर आपली पंचाईत आहे, मंडळी! आपला दिखावा भक्तीचंच लुगडं नेसून येतो!

"खांदा द्यायला पोरं कुठं राहिलीत गावात? निम्मी पुण्याला. पालखी हिंदकळती, देवाला धक्के बसतात. औंदा देव माझ्या गाडीतनं जाईल. मखमल टाकतो, फुलांनी सजवतो. वरचं छत उघडतं, सगळ्यांना दर्शन!"

रामलिंग गुरव म्हातारा माणूस. त्यानं डोकं खाजवलं. "दादा, एक ध्यानात घ्या. घंटा वाजवून देव एकदा वाहनात बसवला, की देवळात माघारी येईस्तवर उठत न्हाई. वाटंत देव उतरवायचा नसतो. पालखीत अडचण यीत न्हाई, पालखीच आव्यापातुर जाती."

"उतरवतोय कोण, रामलिंगकाका? एसी सोडून देव कशाला उतरंल!"

हशा पिकला. टाळ्या पडल्या. गुरवानं आडून सुचवलं तेवढंच; बाकी एकानंही विचारलं नाही — ओढ्यावरनं ही गाडी जाईल का? एकानंही! कारण यात्रेचा दिवस सोडला तर ओढ्यापलीकडं त्यातला कोण जातो? मडकं पाहिजे तर कुंभारीण डोक्यावर घेऊन दारात येते. ती येते, म्हणून आपल्याला तिचा रस्ता माहीत नसतो!

रविवार उजाडला. गाडी निघाली. मागच्या गादीवर भैरोबा, स्टिअरिंगवर स्वतः इंद्रजित, फेटा बांधून. पुढं ढोल, वर गुलाल — "गुलाल काचेवर नको रे!" — पेठेतून फिरली, चावडीवरून फिरली, मोबाइल वर करून लोकांनी दर्शन घेतलं. देवाचं की ताऱ्याचं, ते देवच जाणे! इंद्रजितची छाती फुगली होती. शेजारगावचा तो ठेकेदारसुद्धा कोपऱ्यावर उभा होता, आणि हात जोडून उभा होता!

आणि गाडी ओढ्याला आली.

ओढ्यावर सिमेंटची बुटकी फरशी. फरशीच्या तोंडाशी माती धुपून खड्डा, आणि खड्ड्यापुढं सिमेंटची उभी कड. इंद्रजितनं गाडी हळूच उतरवली. नाक खाली गेलं. आणि खर्रर्र!

मंडळी, तो आवाज गाडीच्या पोटातून आला नाही. इंद्रजितच्या पोटातून आला! त्यानं झटक्यात गाडी मागं घेतली. दार उघडलं. धावत पुढं आला आणि रस्त्यावर पालथा झाला, बंपरखाली डोकं घालून! ज्या माणसानं भैरोबापुढं जन्मात कधी साष्टांग घातला नव्हता — पाठ धरते म्हणून — त्यानं भर रस्त्यात गाडीला लोटांगण घातलं! आणि देव मागच्या सीटवर बसून ते बघतोय!

पलीकडं कुंभारवाडा उभा. नवी लुगडी, रांगोळी, ओवाळणीची ताटं. सगळ्यांच्या पुढं कोंडाबाई कुंभार, हातात रिकामं खापर. सासू वारल्यापासून दर साली निखारा हीच बाई घेते. रामलिंग गुरव म्हणाला, "दादा, आता कसं?"

इंद्रजित उठला, गुडघे झाडले. त्यानं पलीकडं हात केला. "कोंडामावशी, तुम्हीच सगळी इकडं या दर्शनाला! देव काय, इथं काय आणि तिथं काय!"

कोंडाबाई म्हणाली, "आमी यिऊ की, इंदरदादा. आमाला पाय हायत. पर आवा कसा यील?"

कुणीतरी हसलं. इंद्रजितनं गुरवाकडं बोट केलं.

"मग गुरव मुखवटा हातात घेऊन पलीकडं जातील."

रामलिंग जागचा हलला नाही. "बैठकीत सांगितलं व्हतं, दादा. बसवलेला देव वाटंत उठत न्हाई. माज्या हातनं हुणार न्हाई ते."

पेच बघा, मंडळी! देव गाडीतून उतरत नाही, आणि गाडी फरशीवर चढत नाही! पण कोंडाबाई रडली नाही. ती मागं वळून म्हणाली, "आरं, बघता काय? फुटक्या मडक्यांचा ढीग हाय, जुन्या इटा हायत, आणा भराभर! खड्डा भरू. देवाचं चाक आमच्या खापरावरनं जाऊ दे, आमचं कल्याण हुईल!" आणि कुंभारवाडा पळाला! पाट्या आल्या. सणाची नवी लुगडी कमरेला खोचून बाया खड्ड्यात उतरल्या. घटकाभराचं काम होतं, मंडळी, फक्त घटकाभराचं!

आणि इंद्रजित ओरडला, "थांबा! खापऱ्या टाकू नका! टायर फाटंल!"

ऐकलंत? पुन्हा सांगू? देवाची वाट भरायला निघालेल्या बायांना तो म्हणाला — टायर फाटंल!

एका बाईच्या हातातली पाटी तशीच राहिली. कोंडाबाई फरशीच्या कडेला आली. आवाज चढवला नाही तिनं.

"दादा, एक इचारू? ही फरशी कुणी बांदली?"

इंद्रजितला खरोखर आठवेना. अशा फरश्या त्यानं तालुकाभर टाकल्या होत्या.

"तुमीच बांदली. नारळ फोडाय आला व्हता, मीच पानी दिलं व्हतं. दोनी तोंडाला भराव टाकायचा व्हता. टाकला न्हाईसा. मानसं म्हनली, मागनं टाकू. तवापास्नं आमी डुईवर मडकी घिऊन हितनं उड्या मारतोय. कितीजनी पडल्या, किती मडकी फुटली. आमी काय म्हनलो न्हाई. आज तुमची गाडी घासली!"

अरे, माणसाला त्या जागी काय करता आलं असतं? उतरायचं खड्ड्यात! तो फेटा सोडायचा, पाटी धरायची, दोन पाट्या टाकायच्या! त्या जर्मन बाईच्या पोरांनी चढावर जे केलं ते करायचं! त्याऐवजी तो गाडीत बसला. काच वर केली. काच! आणि गाडी उलटी फिरवून, भैरोबाला घेऊन, निघून गेला! ढोल वाजवणाऱ्यांना कळेना, वाजवायचं की नाही.

संध्याकाळी रामलिंग गुरव इंद्रजितच्या घरी, सोप्यावर आला. म्हाताऱ्याला राहवलं नव्हतं. देवळातल्या आरतीचा निखारा खापरात घेऊन पायी कुंभारवाड्याला जाऊन आला होता.

"घेतला का तिनं?" इंद्रजितनं विचारलं. त्याला वाटलं, घेतला असेल तर बरं. मिटलं.

"न्हाई. म्हनली, गुरवकाका, तुमच्या पायाला हात लावते, पर देव उंबऱ्यातनं माघारी गेला आन् त्याचा निखारा मी मागल्या दारानं घिऊ? भीक हाय का ती? देव यील तवा पेटंल आवा."

दुसऱ्या दिवशी इंद्रजित शहरात गेला. कारागिरानं गाडी वर उचलून दाखवली. खालच्या काळ्या प्लास्टिकवर बोटभर ओरखडा. गाडीखाली झोपल्याशिवाय दिसत नाही असा! तो त्यानं नीट करून घेतला, मंडळी. अगदी नव्यासारखा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाडीच्या अंगावर काही राहिलं नाही.

आणि संक्रांत आली. गावानं काय केलं? काही नाही! तालुक्याच्या बाजारातून रंगवलेली सुगडं आणली. गाव असंच असतं, अडत नाही त्याचं काही! एका घरात मात्र देव्हारा रिकामा होता. इंद्रजितच्याच! सून बाजारातली सुगडं घेऊन आली, तर आक्कानं पिशवीला हात लावला नाही. "भैरोबाच्या इस्तवावर भाजलेली पाच सुगडं लागत्यात मला," ती लेकाला म्हणाली. "तुज्या गाडीत आसतील तर काढून दे." आणि ती काठी टेकत, गुडघा धरत, फरशीची कड ओलांडून कुंभारवाड्यात गेली, आणि त्या न पेटलेल्या आव्यापाशी कोंडाबाईशेजारी दिवसभर बसली. काय बोलल्या दोघी? विचारलं मी. दोघींनीही सांगितलं नाही. सांजच्याला लेक आणायला गेला — पायी गेला, हे लिहून ठेवा — तर आक्का म्हणाली, "माजी मी यीन. मला रस्ता ठावा हाय."

आता मला तुमच्याकडं वळू द्या. तुम्ही मनात म्हणताय, "महाराज, आमच्याकडं कुठली जर्मन गाडी! आम्ही सुटलो!" सुटला? दिवाणखान्यातल्या सोफ्यावर म्हातारा बाप बसला, तर "अण्णा, तिथं नको" कोण म्हणतं? नव्या देवळाला चकचकीत ग्रॅनाइट बसवलंत, आणि शेतातनं चिखलाच्या पायानं आलेल्या बाईला पायरीवरनंच हात जोडायला कुणी लावलं? "डाग पडतो!" अरे, डाग दगडावर पडला तर पुसता येतो! पोराला शिकवलंत, मोठ्या पदावर चढवलंत, आणि आता त्याचं पद इतकं उंच, की चुलत्याच्या मयताला त्याला खाली उतरता येत नाही! ज्याच्यावर बसून माणसाजवळ जायचं, तेच माणसाच्या आणि आपल्या मधे आडवं उभं केलंय आपण! आणि वर म्हणतो, रस्ता खराब आहे! रस्ता कुणी केला? कुणी केला, सांगा की! खांबाजवळचे, तुम्ही सांगा!

घरी जाताना एवढंच बघा. तुमच्या गावचा ओढा कुठला, आणि त्याच्या पलीकडं कोण राहतं. बाकी मी काही सांगत नाही.

पिंपळओहळची कालपर्यंतची खबर अशी. गावानं पुन्हा बैठक घेतली. ठरलं — माघी पौर्णिमेला भैरोबाची पालखी, लाकडी पालखी, खांद्यावरून कुंभारवाड्याला न्यायची. आता रीत अशी, की पालखीचा पुढचा उजवा खांदा रणवऱ्यांचा. त्या घरचा माणूस उभा राहिल्याशिवाय पालखी उचलत नाहीत. इंद्रजित बैठकीला आला होता, मागं बसला होता. त्याला विचारलं, "खांद्याला येणार का?" तो म्हणाला, "बघू." आणि उठून गेला.

त्यानंतर परवा दुपारी फरशीच्या तोंडाशी एक डंपर येऊन खडी ओतून गेला. कुणी पाठवला ते डंपरवाला सांगत नाही. पण गाव ठेकेदाराचा डंपर ओळखतं. कोंडाबाईला कुणी म्हणालं, "मावशी, भराव आला!" तिनं खडीकडं बघितलं आणि म्हणाली, "गाडीसाठी आसंल तर फरशी नीट हुईल. आवा न्हाई पेटायचा."

खडी गाडी जावी म्हणून आलीय की पालखी जावी म्हणून, हे इंद्रजितला विचारायला गावानं माणूस पाठवला होता. तो घरी होता. उत्तर आलं नाही. पौर्णिमा चार दिवसांवर आहे. आवा रचलेला आहे, तोंड उघडं आहे. खडीचा ढीग ओतला तसाच पडलाय, अजून कुणी पसरलेला नाही.